तबकडीतली अकरा घरं

पुढाऱ्यांच्या तबकड्या जमवते मी. लोक नाट्यसंगीत जमवतात, जुन्या सिनेमांची गाणी जमवतात आणि त्याला रसिकता म्हणतात. मी निवडणुकीची गाणी, प्रचाराची भाषणं, पक्ष फुटल्यावर जुन्या सोबत्यांनी एकमेकांना वाहिलेल्या लाखोल्या जमवते, आणि त्याला आमच्या घरी भंगार म्हणतात. पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत टीव्हीखालचे दोन खण या भंगारानं अडवलेत. आईने एकदा त्यातल्या एका तबकडीवर कुकरचं गरम झाकण टेकवलं. मी ओरडले, तर म्हणते कशी, "हा माणूस जिवंतपणी कुणाच्या कामी आला नाही. आता निदान झाकण तरी टेकवू दे."

आईचं बरोबर होतं, पण तबकडी वाकली.

माझ्याकडे एक तबकडी आहे, तिच्यात उमेदवाराची बायको नवऱ्यावर ओव्या म्हणते. ती रागावलेली आहे हे दुसऱ्याच ओवीत कळतं. एकीत एक मंत्री व्हायोलिनच्या साथीवर खतं कधी घालावीत ते सांगतो. दोन तबकड्या दोन कट्टर विरोधी पक्षांच्या आहेत. चाल तीच, गाणाराही तोच, फक्त निशाणी बदललेली. आणि एका मोठ्या सभेच्या भाषणात टाळ्या मागाहून चिकटवलेल्या आहेत. एकाच सभेच्या टाळ्या पुन्हा पुन्हा वापरल्यात, त्यामुळे प्रत्येक टाळीनंतर एकच माणूस, त्याच ठिकाणी, तसाच खोकतो. सात वेळा. मी मोजलंय. या देशात जनतेचा पाठिंबा म्हणजे काय, हे मला त्या खोकल्यानं जेवढं समजावलं तेवढं कुठल्याच अभ्यास शिबिरात कळलं नाही.

हसायला येतं, हे खरं. पण मी हसण्यासाठी जमवत नाही. बारावीत असल्यापासून पत्रकं लिहिते आहे. पाण्याची, डंपरखाली मेलेल्या माणसांची, भरतीच्या पाण्यात भराव टाकणाऱ्यांची. पत्रकाचं आयुष्य एक दिवसाचं असतं, दुसऱ्या दिवशी त्यात वडापाव बांधलेला दिसतो. आणि समोरचा म्हणतो, मी असं बोललोच नव्हतो. टीव्हीवर बोललेलं मोडतोड केलेलं असतं, पेपरात आलेलं विपर्यस्त असतं. तबकडीचं तसं नाही. तबकडी त्यानं स्वतः हौसेनं कोरून घेतलेली असते, वर आपला फोटो छापलेला असतो. मग कुठं पळणार?

माझ्या बहुतेक तबकड्या जुन्या पनवेलमधल्या एका चाचांकडून आलेल्या. त्यांचा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. आता मुलगा भिंतीएवढे डीजे लावतो आणि चाचा मागच्या खोलीत जुन्या मशीनना तेल घालत बसतात. चाळीस वर्षं त्यांनी प्रत्येक पक्षाचा प्रचार वाजवला. सगळ्यांच्या तबकड्या एकाच पेटीत, म्हणून घोटाळा होऊ नये यासाठी त्यांनी लेबलांवर बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके दिलेले होते. लाल एका पक्षाचा, गुलाबी दुसऱ्याचा. "एकदा अंधारात गुलाबी समजून लाल लावली, बेटा," ते सांगायचे. "मिरवणूक त्यांची आणि गाणं दुश्मनाचं. अर्धं गाणं होईपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. नाचत होते सगळे. लक्षात आलं तेव्हा मला मारलं. नाचले ते, आणि मार मला!"

त्या पेटीच्या तळाशी मला एक बिनठिपक्याची छोटी तबकडी मिळाली. लेबल कसरीनं अर्धं खाल्लेलं. उमेदवाराचं नाव आणि निशाणी शिल्लक होती. आमच्याच भागातले जुने आमदार. मी जन्मायच्या कितीतरी आधी निवडून आलेले, आता चौकात पुतळा होऊन उभे असलेले.

"ही मनहूस आहे," चाचा म्हणाले. "दोन दिवस वाजवली. तिसऱ्या दिवशी खुद्द साहेबांनी सांगितलं, बंद करा."

"का?"

"दुसरी बाजू ऐक. मग कळेल."

पहिल्या बाजूला धवला होता. आमच्याकडच्या आगरी गावांत लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. भटजी येतो नंतर. ती म्हातारी बाई मांडवात बसून गाते, देवांना बोलावते, पितरांना बोलावते, घरच्या प्रत्येकाला आवतण देते. उमेदवाराच्या माणसांनी डोकं लढवलं होतं: साहेब नवरदेव, मतदारसंघ नवरी, आणि धवलारीण त्यांचं लग्न लावते आहे. कल्पना भिकार, आवाज मात्र असा की मी मशीनपासून मागे सरकले. कोरडा, जाड, कुणाचीही परवानगी न मागणारा आवाज. देव झाले, गावकी झाली, बाजू संपली.

उलटवली तर भाषण नव्हतं. धवला चालूच होता.

*मांडव घातला गो दारी, डहाली कोनी आनली?*
*डोंगरपायाची वाडी गो, डहाली तिथनं आली.*

मांडवाला उंबराच्या डहाळ्या लागतात. त्या वाडीवरच्या कातकरी बायका डोंगरातून आणतात. म्हणून धवलारीण वाडीला आवतण देत होती. एकेक घर घेत होती, घरच्या बाईचं नाव, दारातली खूण. पहिलं घर विहिरीकडचं. दुसऱ्याच्या दारात फणस. तिसरं चढावरचं, त्याची कुडाची भिंत नवी. अशी अकरा घरं. अकराव्या घरानंतर ती थांबली, आणि घाईघाईत, धाप लागलेल्या आवाजात साहेब बोलले. पूर्ण भाषणाला जागाच उरली नव्हती. "बंधू-भगिनींनो, बाईंनी आत्ता ज्यांची ज्यांची नावं घेतली, त्या प्रत्येकाचं घर कायम करणं ही माझी जबाबदारी आहे. आपलं मत—" आणि खर्र.

मी सुई उचलली. पुन्हा टेकवली. तिसऱ्यांदा ऐकताना मी घरं बोटांवर मोजली, कारण ती वाडी मला माहीत होती. फणस तर मी पाहिलेला होता.

त्या वाडीचे वनहक्काचे दावे मी ज्याची पत्रकं लिहिते त्या आमच्या गटानं भरले होते आणि ते फेटाळून परत आले होते. कारण एका ओळीचं: कायद्यानं ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून वास्तव्य असल्याचा पुरावा नाही. पुरावा कुठून असणार? दिवाळी झाली की वाडी वीटभट्टीवर जाते, पोरंबाळं घेऊन, आणि पावसाच्या तोंडावर परत येते. मोजणीवाले प्रत्येक वेळी उन्हाळ्यात आले. दारं बंद, माणूस नाही. लिहून गेले, पडीक. आम्ही अपील केलं होतं, त्याची सुनावणी व्हायची होती. आता डोंगराच्या पायथ्याशी बंगल्यांची स्कीम येणार होती. आणणारा होता त्याच साहेबांचा नातू. त्याची माणसं गावभर सांगत होती की ही भट्टीवर आलेली उपरी माणसं आहेत, काल आली, उद्या जातील.

आणि त्याच्या आजोबांनी स्वतःच्या खर्चानं त्या उपऱ्यांची घरं तबकडीवर मोजून ठेवली होती!

दुसऱ्या दिवशी मी चाचांचा पेटीवाला प्लेअर घेऊन वाडीवर गेले. तिसऱ्या घरातली बाई आमच्या दाव्यांत पुढे असायची, माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठी. सही करायला ती दावे भरतानाच शिकली होती. तिच्या आजीचं नाव आलं तेव्हा रडेल असं मला वाटलं होतं. ती हसत सुटली.

"आजी सांगायची, माझं नाव लाऊडस्पीकरवर घेतलं होतं. आम्ही म्हणायचो, म्हातारी चढवून बोलते. किती चिडवलं तिला!" मग हसणं थांबलं. "ताई, हे सुनावणीत दाखवलं तर चालंल?"

"चालेल म्हणजे? पळता भुई थोडी होईल त्यांना."

अशी वाक्यं माझ्या तोंडात तयार असतात. पत्रकांची सवय. आणि त्याच सवयीनं मी त्या रात्री घाण केली. साहेबांच्या त्या धापा टाकणाऱ्या वाक्याची क्लिप मोबाईलवर घेतली, वर लिहिलं, 'नातवाने आजोबांना ऐकावे', आणि दिली सोडून. सकाळपर्यंत ती शिरढोणपासून जासईपर्यंत फिरली होती. मी खूष. माझी पत्रकं कधी एवढी वाचली गेली नव्हती.

दुपारी नातवाचा माणूस आमच्या दारात. पांढरा शर्ट, हातात पेढे.

"दादांना आजोबांचं दालन करायचंय, ताई. त्यांच्या सगळ्या वस्तू जपायच्या आहेत. ती प्लेट तुम्ही सन्मानानं द्यावी, दादा तुमचा सत्कार करतील."

"पुतळा केलात ना? आता आवाज पण बंद करायचाय का?"

तो आईकडे वळला. "काकू, तुम्ही समजवा. असं भंगार घरात ठेवून काय करणार?"

आईने पेढ्यांचा बॉक्स त्याच्या हातात परत दिला. "भंगार आहे हो," ती म्हणाली. "पण आमचं आहे. आणि त्याला भंगार म्हणायचा हक्क फक्त मला आहे."

जिन्यावर पोचल्यावर तो मागे वळून हसला. "त्या म्हातारीचा आवाजच नाही तो. तिच्या घरचे तसं लिहून देतायत. आज-उद्याकडे."

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. धवलारीण हयात आहे हे चाचांनी मला सांगितलं होतं. तिच्याकडे जायचं सोडून मी तिचा आवाज बाजारात सोडला होता, आणि शत्रू माझ्याआधी तिच्या ओटीवर जाऊन बसला होता.

तिचं घर शोधावं लागलं नाही. शेती, मिठागर सगळं विकून झालेला तीन मजली बंगला, स्टीलचे कठडे, दारात दोन डंपर. डंपर तिच्या नातवाचे. स्कीमच्या भरावाचं काम त्याला मिळणार होतं. ती ओटीवर खाली पाय सोडून बसली होती. नऊवारी, कपाळ मोकळं, हात एखाद्या पुरुषाचे असावेत तसे. मी नाव सांगितलं, गट सांगितला, आणि लढ्याचं महत्त्व सांगायला लागले.

"थांब गो," ती म्हणाली. "तो आवाज कोनाचा?"

"तुमचा."

"मना इचारलास?"

मी हातातला मोबाईल पिशवीत सारला.

"नातीनं फोन आनून दावला. आजे, तू फेमस झालीस बोलते. कोना-कोनाच्या खिशात माझा आवाज वाजतंय, आनी मना म्हाईत नाय. तवा पन असाच. बोलले, तुझं नाव छापू. छापलं त्यांचं. तुमी सगली एकाच मालेची."

आमच्या गटात मला फटकळ म्हणतात. त्या ओटीवर मी 'चुकलं' म्हणाले फक्त. ते तिला पुरलं की नाही कळलं नाही, पण तिनं मला खाली बसायला जागा केली.

मग तिनं मुंबईची गोष्ट सांगितली. जीपमधून नेलं होतं, तिला आणि मागं सूर धरणाऱ्या दोन बायकांना. बंद खोली, समोर काच, काचेमागे साहेब. "बोलले, तीन मिनिटा. लाल दिवा लागला का थांबायचा. दिवा लागला. मी थांबले नाय."

"का?"

"अर्धा धवला ठेवतात काय गो? नवरीला दोष लागतंय. आनी डहाली आननारीला आवतन नाय दिला तर मांडव कसला तो? काचेमागं हात करतात, नाचतात. मी डोले मिटले." ती हसली, पहिल्यांदाच. "साह्यबाचा भाषन मोठा कागद भरून होता. राह्यला त्याच्या हातात."

म्हणून तिसऱ्या दिवशी तबकडी बंद झाली होती. ज्यांना कुणी मतदार धरत नव्हतं त्यांची नावं त्यात होती, आणि जे द्यायचं नव्हतं तेच घाईत कबूल झालं होतं.

मी विचारलं, सुनावणीला याल का. कायद्यात लिहिलंय: दावेदार नसलेल्या वयस्क माणसाचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा धरावा. तुमचा जबाब म्हणजे—

"माझा नातू कागद घेऊन बसलावता सकाली. माझा आवाज नाय, असा लिवलेला. अंगठा कर बोलतंय."

"मग?"

"बोलले, अंगठा दुखतंय." तिनं तो अंगठा माझ्यासमोर धरला, धडधाकट. "पन तुझ्या बोलवन्यानं मी येनार नाय. धवलारीन अशी उठून जात नाय कुठं. जिच्या घरचा काम, तिनं यायचा. पुढल्या दारानं."

मला आधी राग आला. वाडी वाचवायची की मानपान करायचे? पण वाडीवर हे सांगितलं तेव्हा तिसऱ्या घरातली ती बाई गंभीर झाली. त्या बंगल्यात ती लहानपणापासून कामाला गेली होती. लाकूडफाटा टाकायला, भात कांडायला, लग्नात भांडी घासायला. पुढचं दार तिला माहीत नव्हतं.

"पुढच्या दारानं?" तिनं दोनदा विचारलं.

"तसं म्हणाल्या."

"मग डहाळी लागंल. नारळ लागंल."

आम्ही गेलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मुद्दाम. सगळं घर जागं असेल अशा वेळी. ती पुढे, अंगावर भाच्याच्या लग्नातलं लुगडं, एका हातात उंबराची डहाळी, दुसऱ्यात हळदीकुंकू लावलेला नारळ. मी चार पावलं मागे, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. फाटकात म्हातारीच्या नातवानं अडवलं.

"काय काम हाय? मागं जा. काय लागेल ते आई देईल."

"आवतन द्यायचंय," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण पाय हलले नाहीत.

"कसला आवतन?"

"धवल्याचं."

ते शब्द ओटीपर्यंत पोचले. म्हातारी खांबाला धरून उभी राहिली. "येऊ दे तिला."

"आजे, हे सगला ठरवून चाललंय, तुला कलत नाय—"

"तुझ्या बापाचा लगीन मी लावला. तुझा मी लावला. नारल घेऊन दारात आलेल्या बाईला कोनी मागं धाडला काय आजपावत? धाडशील तर तुझ्या पोरांच्या लग्नात कोन गाईल? तुझा डीजे?"

आतून कुणीतरी सून फिसकन हसली. नातू बाजूला झाला. त्याला व्हावंच लागलं. पोलीस आडवे आले असते तर मी घोषणा दिल्या असत्या, वकील आडवे आले असते तर कलमं सांगितली असती. त्या फाटकात माझ्याजवळचं काहीच चाललं नसतं. चालला तो नारळ. वाडीवरची बाई पुढच्या पायऱ्या चढली, डहाळी म्हातारीच्या पायाशी ठेवली, नारळ तिच्या हातात दिला. म्हातारीनं तिला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि सुनेला हाक मारली, "च्या आन. कपात."

सुनावणीला आधी मला प्लेअर दाराबाहेर ठेवायला सांगितलं. इथे गाणीबिणी चालणार नाहीत म्हणे. मी म्हटलं, मग मी इथेच, व्हरांड्यात वाजवते, आवाज मोठा आहे. शेवटी दोन्ही बाजू टेबलावर वाजल्या. सुनावणी घेणारे प्रांतसाहेब पेन फिरवत ऐकत होते. स्कीमवाल्यांचे वकील तोंडावर रुमाल धरून हसत होते.

"छान आहे," ते म्हणाले. "पण सर, या गाण्यात गणपती आलाय, खंडोबा आलाय, गावदेवी आलीय. त्यांचेही दावे दाखल करून घ्यायचे का?"

खोलीत हशा झाला. मी उठले. माझ्याकडे उत्तर होतं, कलम होतं, पोटकलम होतं. म्हातारीनं माझा दंड धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"देवाला आवतन देतात," ती म्हणाली. "तो येतो का नाय, कोनी बगितला? या बाया आलेल्या. डहाली घेऊन आल्या, मांडव बांधला, लाकडा फोडली. मी बगितलंय. जेवल्या पन. माझ्या पंगतीला नाय. मागच्या दारी बसवल्या त्यांना, उरलेला वाढला. मीच वाढला." ती कारकुनाकडे वळली. "ता पन लिव."

कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पेन टेकवलं.

"जबाब घ्या," ते म्हणाले.

पण म्हातारीला घरं नुसती सांगता येईनात. ओघात आलं की आठवायचं, तोडलं की तुटायचं. दोनदा अडखळली तेव्हा वकिलांनी भुवया उंचावल्या. मग तिनं डोळे मिटले आणि गायला लागली. एक घर गायची आणि थांबायची. कारकून लिहायचा: विहिरीकडचे घर. बाईचे नाव अमुक. मग पुढचं. तबकडीतला आवाज आणि हा आवाज यांच्यामध्ये कितीतरी वर्षं गेलेली होती, वरचे सूर लागत नव्हते, पण घरं त्याच क्रमानं येत होती. चौथ्या घरापासून वाडीवरच्या बायका तिच्या मागं धरायला लागल्या. शिपाई दारात येऊन उभा राहिला. शेजारच्या खोलीतले लोक आले. अकरा घरं लिहून व्हायला दुपार झाली, आणि त्या सगळ्या वेळात आमदारांच्या नातवाचा पांढऱ्या शर्टातला माणूस भिंतीवरचा नकाशा वाचत होता.

साहेब म्हणाले, जबाब नोंदवला. तबकडीही पुरावा म्हणून घेऊ. मूळ प्रत जमा करा.

मूळ प्रत. माझ्या संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू, आणि बहुधा जगात शिल्लक असलेली एकच. त्या कचेरीत जमा करायची, जिथे याच वाडीच्या रेशनकार्डांचे झेरॉक्स दोनदा गहाळ झाले होते. मी तबकडी छातीशी धरून उभी होते आणि मला ती द्यायची नव्हती. खरं सांगते. वाडीसाठी नव्हे, स्वतःसाठी द्यायची नव्हती. मी म्हटलं, डिजिटल प्रत देते. साहेब म्हणाले, मूळच लागेल. मी म्हटलं, तुमच्याकडे हरवते. ते म्हणाले, मग पुरावा नाही असं लिहितो.

वाडीवरची बाई माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात तिचं घर होतं आणि मी ते तबकडी म्हणून धरून ठेवलं होतं.

मी ती टेबलावर ठेवली. "पोच द्या," म्हटलं.

कारकून म्हणाला, "पोच कागदाची असते. वस्तूची नसते."

"मग आम्ही बसलोय."

बसलो. जमिनीवर, टेबलासमोर, म्हातारीसकट. तिला खुर्ची देऊ केली तर ती म्हणाली, "मांडवात खुर्ची नसते." साडेपाचला दिवे घालवायची वेळ झाली तेव्हा कारकुनानं कोरा कागद ओढला. लिहिलं: एक तबकडी, गाण्याची, जुनी, सुस्थितीत. वाडीवरच्या बाईनं वाकून बघितलं. अक्षर अक्षर लावत वाचलं.

"यात घरं कुठायत?"

"अहो बाई, ते जबाबात आहे."

"यात पण पाहिजेत."

त्यानं लिहिली. अकरा घरांचा उल्लेख असलेली. शिक्का मारला. कागद घ्यायला मी हात पुढे केला, सवयीनं. आमच्या गटाच्या सगळ्या पोचा माझ्या फाईलमध्ये असतात.

"माझ्याकडं द्या," ती कारकुनाला म्हणाली. "दावा माझा आहे."

निकाल अजून लागलेला नाही. स्कीमच्या पाट्या उभ्या आहेत, भराव पडलेला नाही. म्हातारीच्या नातवाचे डंपर दुसरीकडे द्रोणागिरीला लागलेत आणि तो तिच्याशी बोलत नाही. हळदीला मात्र तिला न्यायला गाड्या येतात तशा येतातच. माझ्याकडे त्या तबकडीची मोबाईलवरची प्रत आहे. ती मी कुणालाही पाठवत नाही. म्हातारीला विचारल्याशिवाय नाही.

आणि दर सोमवारी तिसऱ्या घरातली बाई, मजुरीचा दिवस मोडून, त्या कचेरीत जाते. सुरुवातीला मी बरोबर जायचे. आता नको म्हणते. पोच टेबलावर ठेवते आणि सांगते, तबकडी दाखवा. कारकून म्हणतो, आहे ना, कुठं जातेय. ती म्हणते, दाखवा. पुढची माणसं खोळंबतात, कुरकुरतात, कुणी म्हणतं, बाई, वेड लागलंय काय. ती हलत नाही. शेवटी कारकून किल्ल्या घेतो, उठतो आणि लोखंडी कपाट उघडतो.